सतरा नंबरच्या कप्प्यातला फोन

मित्रांनो, रोज सकाळी पावणेआठ वाजता जिच्यासमोर रांग लावून तुम्ही नाक मुरडता, ती मी. शाळेच्या ऑफिसच्या दाराशेजारी, पालकांच्या बाकासमोर उभी असलेली जुनी लाकडी मांडणी. बेचाळीस कप्पे, प्रत्येक कप्प्यावर पितळी आकडा, समोर काचेची दोन दारे आणि त्यांना एक कुलूप, असा माझा थाट आहे. तुमच्यापैकी कुणी मला तुरुंग म्हणतो, कुणी फोनखाऊ म्हणतो. एकाने तर माझ्या बाजूला पेन्सिलने 'येथे स्वातंत्र्य पुरले आहे' असे लिहून ठेवले आहे. अक्षर चांगले आहे, म्हणून मी ते मनावर घेतलेले नाही.

शाळेच्या वेळात मुलांजवळ फोन असावा की नसावा, यावरून मोठी माणसे किती तावातावाने भांडतात, ते मी रोज समोरच्या बाकावर ऐकते. दोन्हीकडची माणसे मुद्द्याचे बोलतात. पण मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. ते माझ्या डोळ्यांदेखत, आणि थोडेफार माझ्या पोटात घडले आहे.

त्याआधी माझी थोडी ओळख करून देते.

मला एका हट्टी सुताराने बनवले. बेचाळीसच्या बेचाळीस कप्पे एकसारखे व्हावेत म्हणून त्याने एक ठोकळा तयार केला होता. प्रत्येक कप्प्यात तो ठोकळा सरकवून बघायचा. अडकला की रंधा मारायचा, सैल झाला की पट्टी बदलायचा. त्याची बायको वैतागून म्हणायची, "अहो, किल्ल्याच ठेवायच्यात ना त्यात? की हिरे?" तो म्हणायचा, "रोज कुणीतरी आत हात घालणार. बोटाला कुसळ टोचलं तर शिव्या मला बसतील." त्या हट्टामुळे आज इतक्या वर्षांनीही माझ्या एकाही कप्प्यात तुमच्या फोनला ओरखडा पडत नाही. हे मी अभिमानाने सांगते.

मला घेतले होते बसस्थानकासमोरच्या एका लॉजने. तिथे काउंटरच्या मागे मी सत्तावीस वर्षे उभी राहिले. किल्ल्या, पाहुण्यांना आलेली पत्रे, कुणाचा विसरलेला चष्मा, कुणाची औषधाची बाटली, हे सगळे माझ्या ताब्यात असे. मॅनेजर रोज सकाळी पिवळ्या फडक्याने मला पुसायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "हिच्यातून आजवर एक किल्ली हरवलेली नाही." पाहुणे माझ्याकडे कौतुकाने बघायचे. मी पण जरा छाती काढूनच उभी असायची.

मग दारांना कार्ड लावून उघडायची कुलुपे आली. किल्ल्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग मीही गेले. जुन्या फर्निचरच्या दुकानात भिंतीकडे तोंड करून मी नऊ वर्षे काढली. माझ्या पाठीला टेकवून लोखंडी खाटा ठेवल्या होत्या. काही कप्प्यांत पालींनी अंडी घातली. दुकानदार अधूनमधून म्हणायचा, "हिच्या एखाद्या दिवशी फळ्या काढून जळणाला लावतो." त्या नऊ वर्षांबद्दल याहून जास्त बोलावेसे वाटत नाही.

तिथून मला सोडवले मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्या टेप घेऊनच दुकानात आल्या होत्या. त्यांनी माझे कप्पे मोजले आणि म्हणाल्या, "बेचाळीस. नववीत एकेचाळीस मुलं आहेत. उरलेला एक माझ्या फोनला." दुकानदाराला वाटले बाई थट्टा करतायत. पण त्या दिवसापासून आजपर्यंत बेचाळीस नंबरच्या कप्प्यात रोज सकाळी पहिला फोन पडतो तो मोठ्या बाईंचा.

नववीतच का, तेही सांगते. नववीच्या वर्गात एक मुलगी होती. बोलताना ती अडखळायची, म्हणून फारशी बोलतच नसे. मुलांनी तिचे नाव अबोली ठेवले होते. एकदा तासाला तिला धडा मोठ्याने वाचायला लावला. एका शब्दापाशी तिची जीभ अडली ती अडलीच. मागच्या बाकावरून कुणीतरी बाकाखाली फोन धरून ते टिपले, त्यावर ढोलाचा आवाज चढवला आणि वर्गभर पाठवून दिले. मधल्या सुट्टीपर्यंत ते सगळ्या शाळेत गेले आणि संध्याकाळी तिच्या धाकट्या भावाने ते तिलाच दाखवले. अबोली त्यानंतर अकरा दिवस शाळेत आली नाही. ज्याने ते टिपले त्याला शिक्षा झाली, त्याने माफीही मागितली. पण मोठ्या बाई म्हणाल्या, "माफीने फोनमधलं पुसलं जात नाही."

मग पालकांची सभा झाली. एक आई म्हणाली, "माझा मुलगा दोन बस बदलून येतो. काही झालं तर मला कळणार कसं?" एक बाबा म्हणाले, "घरी आमच्याच्याने काढून घेववत नाही हो, तुम्ही तरी घ्या!" लोक हसले. शेवटी ठरले की वर्षभर नववीपासून करून बघू. सकाळी फोन कपाटात, सुटताना परत. निरोप असेल तर ऑफिसच्या फोनवर करायचा.

त्या सभेला एका मुलीचे आईबाबा आले नव्हते. ते कुणाच्या लक्षात आले नाही.

पहिल्या आठवड्यात माझ्या पोटात मधमाश्यांचे पोळे लागल्यासारखे झाले होते. चाळीसेक फोन आपापल्या कप्प्यात गुरगुरत असत. माझी किल्ली शिपाईमामांकडे होती. कमरेला नाडीने बांधलेली. मामा शाळेत तीस वर्षे होते आणि मुलांना आतून-बाहेरून ओळखत होते. एकाने चलाखी करून घरातला बंद पडलेला फोन जमा केला आणि खरा मोज्यात लपवला. मामांनी तो बंद फोन हातावर तोलला आणि म्हणाले, "बाळा, याची बॅटरी काढून घेतलीय रे. आता मोज्यातल्याला सांग, बाहेर ये म्हणावं." रांगेत हशा पिकला आणि मोजा रिकामा झाला.

दोन आठवड्यांत मधल्या सुट्टीचा आवाज बदलला. आधी मुले भिंतीला पाठ लावून, माना खाली घालून बसायची. आता पायऱ्यांवरून धावणे, भांडणे, रडणे, गट्टी, कट्टी हे सगळे परत सुरू झाले. मामांना जास्त झाडावे लागू लागले, पण त्यांनी कुरकुर केली नाही. मला वाटले, आपले काम छान चालले आहे.

फक्त सतरा नंबरच्या कप्प्याचे मला कोडे पडले होते.

इतर फोन एकदा थरथरून गप्प व्हायचे. सतरा नंबरचा थांबतच नसे. सकाळी नऊला, साडेनऊला, दहाला, पुन्हा सव्वादहाला. एक कोपरा तडकलेला, निळ्या कव्हरचा स्वस्तातला फोन. तो ज्या मुलीचा होता तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती चालताना कधी कुणी पाहिलीच नव्हती. ती पायाला भिंगरी लावल्यासारखी सगळीकडे पळत असे. दर तास संपला की पळत यायची, काचेला नाक लावून सतरा नंबरकडे बघायची आणि पुन्हा पळायची. मामा म्हणायचे, "अगं, तो कुठे जातोय? त्याला काय पाय आहेत?" ती हसायची नाही.

एका मंगळवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी सतरा नंबरचा फोन वाजू लागला आणि अकरा वाजेपर्यंत चौदा वेळा वाजला. थरथरत थरथरत तो कप्प्याच्या कडेपर्यंत आला. काचेतून पडद्यावर 'बाबा' असे दिसत होते. मी लाकडाची. मला ना हात, ना तोंड. मामा त्या दिवशी परीक्षेचे कागद आणायला बाहेर गेले होते आणि ऑफिसातल्या कारकुनाने दोनदा मान वर करून बघितले, पण "वाजू दे" म्हणून तो पुन्हा कामाला लागला. शाळा सुटल्यावर भिंगरीने फोन हातात घेतला, पडद्याकडे पाहिले आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. दप्तर तिथेच टाकून ती धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी ती रांगेत उभी राहिली, पण फोन द्यायला तयार होईना. मामांनी हात पुढे केला तशी तिने फोन छातीशी धरला. मोठ्या बाई बाहेर आल्या.

"काय झालं गं?"

"मी फोन देणार नाही. माझे आईबाबा ऐकत नाहीत."

मोठ्या बाई थोड्या हसल्या. "अगं, कुणाचेच आईबाबा मुलांचं ऐकत नाहीत. नियम सगळ्यांना सारखा."

"तसं नाही बाई." भिंगरीचा आवाज फाटला. "त्यांना ऐकू येत नाही. दोघांनाही. जन्मापासून."

मोठ्या बाईंनी तिला बाकावर बसवले, तिच्या शेजारी स्वतः बसल्या आणि तिने सगळे सांगितले.

तिचे बाबा शिंपी होते. बाजाराच्या कोपऱ्यावर त्यांचे छोटे दुकान होते. आई काजबटणे आणि तुरपाई करायची. आजी होती तोवर गिऱ्हाइकांशी तीच बोलायची. आजी गेल्यापासून ते काम भिंगरीवर आले होते. कुणी दुकानात आले की बाबा तिला व्हिडिओ कॉल लावून फोन गिऱ्हाइकासमोर धरायचे. गिऱ्हाईक बोलायचे, भिंगरी ऐकायची आणि पडद्यावरच खुणा करून बाबांना सांगायची. बाही किती, कॉलर कशी, कपडे कधी हवेत. नियम येण्याआधी ती हे सगळे बाकाखालून, जिन्याखालून, मुलींच्या स्वच्छतागृहातून करायची. शाळेत कुणालाच हे माहीत नव्हते. सभेची चिठ्ठी तिने घरी दाखवलीच नव्हती.

"आणि काल?" बाईंनी विचारले.

काल तिची आई वरच्या फळीवरचा तागा काढताना स्टुलावरून पडली होती. मनगट मोडले. दवाखान्यात डॉक्टर कॉम्प्युटरकडे तोंड करून प्रश्न विचारत राहिले. बाबा भिंगरीला फोन लावत राहिले. अडीच तास आई मोडका हात मांडीवर घेऊन बसली होती.

मोठ्या बाई बाकावरून उठल्या. मग त्यांनी मामांकडे वळून सांगितले, "सतरा नंबर रिकामा राहू दे. हिचा फोन हिच्याजवळ." आणि भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "नियम करताना मी विचारायला हवं होतं. चुकलं माझं."

मित्रांनो, खरे सांगते, मला त्या दिवशी स्वतःची लाज वाटली. चौदा वेळा ती हाक माझ्याच पोटात वाजून विझली होती.

तुम्हाला वाटेल, गोष्ट इथे संपली. मलाही तसेच वाटले होते.

पण भिंगरी आता तासाला टिकेना. फोन थरथरला की हात वर, आणि ती बाहेर. माझ्यासमोरच्या बाकावर बसून ती खुणा करायची, म्हणून मला सगळे दिसायचे. काही हाका गरजेच्या असायच्या. पण एकदा गिऱ्हाइकाला फक्त विचारायचे होते की पाऊणला येऊ की एकला. एकदा एक बाई दहा मिनिटे आपल्या जावेची गाऱ्हाणी सांगत राहिल्या आणि भिंगरी मान डोलावत बसली. कधी कधी गिऱ्हाईक बोलायचे आणि भिंगरीचा चेहरा कठोर व्हायचा. मग ती बाबांना अगदी थोडक्यात काहीतरी सांगायची आणि फोन बंद झाल्यावर डोळे पुसायची. गणिताच्या सरांनी एका दिवसात ती किती वेळा उठते ते मोजले. नऊ वेळा. "वर्गमुळाच्या धड्याला ती आहे असं मला वाटतं," सर बाईंना म्हणाले, "पण धड्याला विचारलं तर तो नाही म्हणेल."

इकडे वर्गात कुरबुर सुरू झाली. कुणाच्या मावशीची तब्येत बरी नव्हती, कुणाचा कुत्रा आजारी होता. सगळ्यांनाच सवलत हवी होती. सहामाहीत भिंगरी तीन विषयांत नापास झाली. तेव्हा मोठ्या बाईंनी तिच्या बाबांना पत्र लिहिले. या वेळी त्यांनी ते भिंगरीच्या हाती न देता पोस्टाने पाठवले.

तिसऱ्या दिवशी बाबा आले. नेमके तास सुरू झाल्यावर आले, म्हणजे मुलगी वर्गात असेल. नीट इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टेप तसाच राहिलेला, हातात एक जाड वही. ते समोरच्या बाकावर बसले आणि लिहू लागले. मोठ्या बाईंना लिहिलेले मोठ्याने वाचायची सवय होती, म्हणून ते मलाही कळले.

"'तुमचं पत्र मिळालं,'" बाई वाचू लागल्या. "'मी फोन केला की ती सांगायची, बाबा, आत्ता तास नाही. रोज सांगायची. मला वाटायचं, ही कसली शाळा, इथे तासच होत नाहीत.'"

मामा खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. बाईही हसल्या, पण त्यांचा चष्मा त्यांना पुसावा लागला. बाबा मात्र हसले नाहीत. त्यांनी पान उलटून पुन्हा लिहिले. बाईंनी वाचले, "'तिला बोलवा. तिचा फोन या कपाटात ठेवा. माझ्यासमोर.'"

भिंगरी आली. बाबांना बघून दारातच थबकली. बाई म्हणाल्या, "तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या म्हणण्याचा मला आदर आहे. पण आईच्या वेळी झालं तसं पुन्हा व्हायला नको. तातडीचं काही असेल तर तुला वर्गातून बोलवायची जबाबदारी शाळेची. आणि सहामाहीत तीन विषय गेलेत, त्याबद्दल मला काळजी वाटते, हेही सांग."

भिंगरीने हाताने दोनच खुणा केल्या. बाबांनी मान हलवली. बाईंच्या तोंडाकडे बोट दाखवले, मग भिंगरीच्या हातांकडे, आणि भराभरा खुणा केल्या. भिंगरी कानापर्यंत लाल झाली.

"काय म्हणाले?" बाईंनी विचारले.

"म्हणाले…" भिंगरी पुटपुटली, "बाई एवढं लांब बोलल्या आणि तू एवढंसंच सांगितलंस. बाकीचं कापड कुठे गेलं?"

मग मात्र तिला रडू फुटले. ती बाबांशी हातांनी बोलत होती आणि त्याच वेळी तोंडानेही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू येत होते. "मी नसले की लोक तुम्हाला काय काय बोलतात, तुम्हाला माहीत नाही! मी सगळं सांगतच नाही तुम्हाला! तो जाडा माणूस तुम्हाला काय म्हणाला माहितीय? त्या दिवशी ती बाई… मी फोन ठेवला तर तुमच्या बाजूने कोण आहे तिथे?"

बाबा तिचे हात बघत राहिले. ती थांबल्यावर त्यांनी तिचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले, सोडले आणि सावकाश खुणा केल्या. या वेळी कुणी विचारायच्या आधीच भिंगरी एकेक शब्द उच्चारू लागली. एकही वगळला नाही.

"म्हणतात… 'मला कान नाहीत, डोळे आहेत. कोण काय बोललं ते मला त्यांच्या तोंडावर दिसतं. तू लपवतेस तेही दिसतं. तू दमतेस तेही दिसतं. मी वीस वर्षं कपडे शिवतोय. माप कानाने घेत नाहीत. त्या दिवशी दवाखान्यात चूक माझीच झाली. मी फोन धरून बसलो. नर्सने कागद पुढे केला तेव्हा दहा मिनिटांत सगळं झालं. कागद माझ्या खिशात आधीपासून होता. मला तुझी सवय लागली होती. सवय मी मोडतो. तू वर्गात जा.'"

भिंगरीने नाक पुसले, फोन बंद केला आणि बाबांच्या हातात दिला. बाबांनी तो स्वतः सतरा नंबरमध्ये ठेवला. ठेवताना त्यांचे बोट कप्प्याच्या कडेवरून फिरले. चांगले काम ओळखणाऱ्या माणसाचे बोट होते ते. मला ते कळले आणि माझी मान ताठ झाली.

त्याच दिवशी मोठ्या बाईंनी ऑफिससाठी वेगळा फोन घेतला. ज्यांना बोलता येत नाही त्यांनी त्यावर निरोप लिहून पाठवायचा. तो वाजला की कारकुनाने "वाजू दे" म्हणायचे नाही, हे बाईंनी त्याला अशा स्वरात सांगितले की तो फोन तो जेवतानाही डब्याशेजारी ठेवू लागला. निरोप आला की मामांनी पाच मिनिटांच्या आत मुलाला वर्गातून आणायचे.

चार दिवसांनी, गणिताच्या तासाला पहिला निरोप आला. 'शिंप्याच्या नववीतल्या मुलीला ताबडतोब बोलवा.' मामा या वयात जिने दोन दोन पायऱ्या गाळत चढले. भिंगरी पांढरीफटक होऊन खाली धावत आली. तिने घाईघाईने लिहिले, 'काय झालं?' उत्तर आले, 'काही नाही. सगळं ठीक आहे. किती वेळ लागतो ते बघत होतो. तीन मिनिटं. चांगलं आहे. परत तासाला जा.'

मामा भिंतीला टेकून धापा टाकत होते. "तुझ्या बाबांना सांग," ते म्हणाले, "पुढची चाचणी जेवणानंतर घेऊ नका म्हणावं." भिंगरी आधी चिडली, मग तिला हसू आले, आणि मग ती इतकी हसली की बाकावर बसावे लागले. त्या महिन्यात ती अशी पहिल्यांदाच हसत होती. उरलेल्या वर्षात ऑफिसच्या फोनवर तिच्यासाठी आणखी दोनच निरोप आले.

दुकानात तिच्या बाबांनी गिऱ्हाइकाच्या उंचीवर एक पाटी टांगली, खडू ठेवला आणि मोठ्या अक्षरात लिहिले, 'माझ्याकडे बघून बोला, नाहीतर इथे लिहा.' सगळे काही सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. दोन-तीन गिऱ्हाइके कंटाळून दुसरीकडे गेली. एक सूट चुकीचा शिवला गेला आणि उसवावा लागला. पण तो जाडा माणूस स्वतःच्या हाताने पाटीवर लिहायला लागल्यावर बराच सौम्य झाला. भिंगरीच्या मते, मनात आलेले सगळे खडूने लिहून काढायला माणसाला लाज वाटते.

हे सगळे मला कळले ते भिंगरी मधल्या सुट्टीत समोरच्या बाकावर बसून अबोलीला सांगत असे म्हणून. अबोली अकरा दिवसांनीच शाळेत परतली होती. फोन हातात नसल्यामुळे भिंगरीला मधल्या सुट्टीत दुसरे काही करायला नव्हते, आणि अबोलीशी कुणी बोलत नव्हते. भिंगरीने तिला खुणा शिकवायला सुरुवात केली. अबोलीचे हात अडखळत नसत. ती हातांनी विनोद सांगायची, तेही चांगलेच तिखट, आणि दोघी इतक्या खिदळायच्या की आतून कारकून डोकावायचा. हळूहळू आणखी पाच-सहा मुले येऊन बसू लागली. ज्याने तो व्हिडिओ टिपला होता तोही एकदा आला. अबोलीने त्याच्याकडे बघून एक खूण केली. सगळे हसले. त्याला अर्थ कळला नाही, आणि कुणी सांगितलाही नाही. तो मात्र उठून गेला नाही. शिकायलाच बसला.

वार्षिक परीक्षेत भिंगरी सगळ्या विषयांत पास झाली. गणितात काठावर, पण सरांनी तिचा पेपर मामांनाही दाखवला.

त्याआधी, परीक्षेला काही दिवस राहिले असताना एक गोष्ट घडली. शाळा सुटली, रांग लागली, फोन वाटले गेले, मुले ओरडत बाहेर पडली. मामा दारे लावायला आले तर सतरा नंबरमध्ये निळा फोन तसाच होता. भिंगरी मैदानावर खो-खो खेळायला गेली होती आणि तिथूनच घरी निघून गेली होती. मामा फाटकापर्यंत बघून आले, हसले आणि त्यांनी मला कुलूप लावले.

दुसऱ्या दिवशी ती आली तीही धावत नाही, चालत. मामा म्हणाले, "काय गं, रात्रभर रडलीस की नाही फोनसाठी?"

"माझ्या लक्षातच आलं नाही, मामा. जेवायला बसल्यावर आईने विचारलं तेव्हा कळलं."

"मग? बाबा रागावले?"

"नाही." ती जराशी लाजली. मग तिने हातांनी एक खूण केली आणि स्वतःच तिचा अर्थ सांगितला. "म्हणाले, 'आज तू नववीतल्या मुलीसारखी दिसतेस.'"

मित्रांनो, आता पुढच्या वर्षी आठवीच्या वर्गालाही हा नियम लागू होणार आहे. शेजारी माझ्यासारखीच दुसरी मांडणी करायला टाकली आहे. शाळेत फोन कपाटात असावेत, हे माझे मत पक्के आहे, आणि ते मी कुणालाही ठणकावून सांगेन. पण माझी तुम्हाला एक विनंती आहे. उद्या तुमच्यातले कुणी बाई होतील, कुणी सर होतील, कुणी असेच नियम लिहायला बसतील. कुलूप जरूर लावा. फक्त लावण्याआधी रांगेतल्या प्रत्येकाला विचारा, तुझ्या घरून हाक आली तर ती कशी येते? आणि ती हाक ऐकून जिने चढायला तयार असलेला एक माणूस आधी नेमा, मगच किल्ली फिरवा.